पगारपत्रकातले दोनशे रुपये

माझी भाची लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागली. पहिला पगार झाला तेव्हा तिने मोबाईलवर पगारपत्रक उघडून दाखवले आणि विचारले, "मामू, हे पीटी म्हणून दोनशे कापलेत, ते कशाचे?" मी सांगितले, व्यवसाय कर. "पण मी कुठे व्यवसाय करते? मी तर नोकरी करते." महाराष्ट्रात बायकांना महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे, हिचा पगार त्याहून थोडा वर, म्हणून कात्री लागली. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. मी तिला म्हटले, "हा कर तुझ्या नानांच्या गावच्या दुष्काळातून आला आहे." तिला वाटले मी थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. आणि सध्या जो वाद घरोघरी चालू आहे, की सरकारने अडचणीच्या काळात लोकांच्या हातात पैसा द्यावा की नाही, दिल्याने अर्थव्यवस्था सावरते की बुडते, त्याचे माझ्यापुरते उत्तर याच दोनशे रुपयांत आहे. गेल्या महिन्यात दादरला एका बैठकीत हाच विषय निघाला. अर्ध्या लोकांचे म्हणणे, 'लाडकी बहीण' म्हणजे मतांची खरेदी. उरलेल्या अर्ध्यांचे म्हणणे, उद्योगपतींना दिले की 'प्रोत्साहन' आणि बाईला दिले की 'रेवडी', हा कुठला न्याय? दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या. मात्र पैसा कुठून येतो आणि पहिल्यांदा कोणाच्या हातात पडतो, हे कोणी विचारले नाही.

माझे वडील साताऱ्याच्या माण तालुक्यातून आलेले. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९७० ते ७३ अशी सलग वर्षे पावसाने दगा दिला आणि १९७२ चे वर्ष तर महाराष्ट्राच्या आठवणीत 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणूनच कोरले गेले. वडील दर महिन्याला मनिऑर्डर पाठवत, पण एका गिरणी कामगाराच्या पगारात गावाकडची दोन घरे कशी तगणार? माझी फुफू तेव्हा खडी फोडायला जात असे. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध अशी कामे सरकारने गावोगाव काढली होती. कामावर मस्टर होते, मुकादम होता, त्याच्या लबाड्याही होत्या. सुकडी मिळायची. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर यायचा. त्याची भाकरी कशी लागायची हे सांगताना फुफू अजून तोंड वाकडे करायची.

मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यात जवळपास पन्नास लाख माणसे होती. इतक्या मोठ्या दुष्काळात बंगालच्या १९४३ सारखा भूकबळींचा कहर महाराष्ट्रात झाला नाही, याची नोंद पुढे जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी घेतली. सरकारजवळ तेव्हा पैसा रग्गड होता असे मुळीच नाही. पीक गेले होते, महसूल आटला होता. घरखर्चाच्या हिशेबाने पाहिले तर सरकारने तेव्हा हात आखडायला हवा होता. तसे झाले नाही, हे बरे झाले.

आता फुफूच्या मजुरीचे काय होत होते ते पाहा. पहिले धान्य. मग वाण्याची थोडी उधारी. आणि दिवस जरा सावरले की एखादे लुगडे, पोराला सदरा. ते जाडेभरडे कापड विणायचे कोणी? मुंबईच्या गिरण्यांनी. म्हणजे माणच्या रस्त्यावर दिलेला रुपया फिरून लालबागच्या साच्यापर्यंत येऊ शकत होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला गुणक परिणाम म्हणतात. गरिबाच्या हातात पडलेला रुपया थांबत नाही. त्याला थांबणे परवडतच नाही. तोच रुपया ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याला दिला, तर तो बँकेत जाऊन बसतो.

दुष्काळातल्या या कामांना योजनेचे आणि मग कायद्याचे रूप मिळाले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगावकडे रोजगार हमीची कल्पना आधीच अजमावून पाहिली होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. आणि (हे आज कोणी आठवत नाही) त्यासाठी पैसा कुठून आणायचा, हेही त्याच वेळी ठरले. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. ठरावीक मर्यादेवरचे पगारदार, दुकानदार, डॉक्टर, वकील, सगळ्यांनी तो भरायचा. जोडीला आणखी काही कर आणि जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबईने खेड्यासाठी भरलेला हा कर. दादरचा कारकून आणि गिरगावचा दुकानदार माझ्या फुफूच्या मजुरीत वाटेकरी होते, त्यांना ठाऊक असो वा नसो.

अर्थात त्याच वर्षांत मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी काढलेले ते मोर्चे दादर-लालबागच्या जुन्या माणसांना आठवत असतील. तेल, साखर, रवा, रॉकेल, सगळ्याला आग लागली होती. १९७३-७४ मध्ये घाऊक भाव वर्षाला वीस टक्क्यांहून अधिक वाढले. मग सरकारी खर्चानेच महागाई आली असे म्हणायचे का? नाही. धान्यच कमी पिकले होते आणि ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे: बाजारात माल नसताना नुसती नोट वाटली तर भाव चढणारच. म्हणून मजुरीबरोबर मिलोही लागतो. तोंड वाकडे करायला लावणारा तो मिलो नसता, तर फुफूची मजुरी वाण्याच्या भाववाढीत विरघळून गेली असती.

ही भीती परळला नवी नाही. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आज ज्यांचे नाव घेऊन मंदीत सरकारी खर्चाची तरफदारी होते त्या केन्स साहेबांनी दहा वर्षे आधी, १९१३ मध्ये, भारतीय चलनावर पुस्तक लिहून तेव्हाच्या सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. सरकारच्या हाती चलन वाढवायची मोकळीक राहिली की भाव चढतात, असा त्यांचा आक्षेप होता. रुपया स्वस्त झाल्याने निर्यातदाराला जो नफा दिसतो तो परदेशातून येत नाही, तो आपल्याच देशातल्या मजुराच्या खिशातून येतो. भाव वाढतात, मजुरी मागे राहते, हे त्यांनी दाखवून दिले. चाळीत राहिलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल. तेव्हा 'सरकारने पैसा ओतावा' असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा इशारा खिशात ठेवूनच बोलावे. २००८ च्या जागतिक मंदीत केंद्राने करकपात केली, खर्च वाढवला, वित्तीय तूट अडीच टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेली. विकासदर सावरला हे खरे. पण दिलेली ढील वेळेवर आवरली नाही आणि पुढची चार-पाच वर्षे महागाईने गरिबाला पिळले. औषध लागू पडले की थांबवायचेही असते.

आता गिरण्यांकडे येतो, कारण सरकारी पैशाविरुद्धचा सगळ्यात भक्कम दाखला आमच्याच गल्लीतला आहे आणि तो लपवून मला चालणार नाही.

१९७४ च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप कधी संपला याची तारीख कोणालाच सांगता येत नाही. १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतल्या आणखी तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला. त्यानंतर वर्षानुवर्षे तोटा भरून काढण्यासाठी दिल्लीहून पैसा येत राहिला. पगार झाले, चुली पेटल्या, हे मी नाकारत नाही. तो पगार आमच्याही घरात आला आहे. पण यंत्रे तीच राहिली. माझे वडील म्हणायचे, साहेब बदलतात, साचा तोच.

इथे सरकारी खर्च हरला, पण का हरला हे नीट पाहिले पाहिजे. कापडाची मागणी मेली नव्हती. लोकांनी कपडे घालणे सोडले नव्हते. काम फक्त लालबागहून उठून भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर गेले होते, जिथे मोमीन-अन्सारी कारागीर बारा-बारा तास उभे राहून, ना भविष्य निर्वाह निधी ना ईएसआय, तेच कापड कमी पैशात काढत होते. गिरणीतला कामगार देशोधडीला लागला आणि यंत्रमागावरच्याला पिळून घेतले गेले. एकाचे दुःख दुसऱ्याचे सुख झाले असेही नाही. म्हणजे गिरणीचा रोग मंदीचा नव्हताच. जुनी यंत्रे, मालकांनी काढून नेलेला नफा आणि पायाखालच्या जमिनीचा चढलेला भाव, हा तो रोग. मंदीत माणसाच्या खिशात पैसा नसतो म्हणून दुकान ओस पडते. तेव्हा सरकारने खिशात पैसा घातला की दुकान चालते. पण ज्याचे यंत्रच म्हातारे झाले त्याला रोजचा खर्च पुरवून भागत नाही. दिल्लीच्या पैशाने गिरणगावाला वेळ मिळवून दिला होता. त्या वेळात नवी यंत्रे घेता आली असती, कामगारांच्या पोरांना नवे कसब शिकवता आले असते. ते झाले नाही. अखेर २००५ मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. मुंबई टेक्स्टाईल मिल ७०२ कोटींना, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना. उरलेल्या गिरण्या सुधारण्यासाठी म्हणून विकल्या, आणि उरलेल्यांपैकी हिंदमाताजवळची टाटा मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती परत सुरू झाली नाही.

याच टाळेबंदीत, १२ मे २०२० ला, पंतप्रधानांनी वीस लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. आकडा ऐकून आमच्या इमारतीत टीव्हीसमोर बसलेली मंडळी गप्पच झाली. पुढे पाच दिवस तपशील येत गेला तसे कळले की त्यातला मोठा भाग रिझर्व्ह बँकेने बँकांना मोकळी करून दिलेली रोकड, कर्जे आणि कर्जाच्या हमी यांचा होता. थेट हातात पडेल असे थोडे: जनधन खात्यात बायकांना महिना पाचशे असे तीन महिने, फुकट धान्य, आणि मनरेगाला जादा चाळीस हजार कोटी. यातली मनरेगा म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीचीच देशभर पसरलेली लेक, २००५ च्या कायद्याने झालेली. त्या वर्षी मनरेगावर ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. शहरातून पायी चालत गेलेल्यांना गावाने जे तगवले ते यामुळे. शहरात राहिलेल्यांना मात्र असले काहीच नव्हते.

कर्ज ही मदत नसते असे मी म्हणत नाही. पण ज्याला गिऱ्हाईक नाही त्याने कर्ज घेऊन माल भरायचा कोणासाठी? आणि कर्ज मिळते कोणाला? आपल्या वस्त्यांत शिंपी, जरीकाम करणारे, बॅगा शिवणारे, हातगाडीवाले, स्वतःच्या हिकमतीवर जगणारे जास्त. बँकेच्या कर्जात मुसलमानांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवले आहे. जी मदत बँकेच्या दारातून येते ती ज्याला त्या दारात उभे केले जात नाही त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी? हे फक्त मुसलमानांचे नाही. दादर स्टेशनबाहेर फुले विकणाऱ्या बाईचे, परळच्या रुग्णालयांबाहेर वडापाव तळणाऱ्याचे हेच आहे.

याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला. त्यालाही 'चालना'च म्हटले होते आणि रेवडी म्हणायला कोणी धजले नव्हते. पुढे २०२३-२४ च्या केंद्राच्याच आर्थिक पाहणीने नोंदले की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात तेहतीस हजारांवर कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, पण नोकऱ्या आणि पगार त्या गतीने वाढले नाहीत. भुयारी मेट्रोवरही सुमारे ३७ हजार कोटी खर्च झाले, बहुतांश जपानच्या कर्जातून. मेट्रो झाली हे चांगलेच, गिरगाव स्टेशनवर उतरताना मलाही बरे वाटते. पण पत्र्यांच्या कुंपणाआड गिऱ्हाइकाची वाट पाहत वर्षे काढलेल्या गिरगाव-काळबादेवीच्या दुकानदारांना कोणी सांगू नये की ती त्यांच्यासाठी चालना होती.

आता लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना महिना दीड हजार. वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला. या योजनेची जी कुचेष्टा होते तिच्यात मी सामील नाही. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन पाहा. ब्याडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल घेऊन बायका डंखावर रांगा लावून बसतात. आमच्या मजल्यावरच्या एक भाभी तिथे भेटल्या. मी गंमतीने विचारले, सरकारच्या पैशाने मसाला का? म्हणाल्या, "दीड हजारात वर्षाचा मसाला होत नाही भाईजान. पण यंदा उधार मागितलं नाही." हा रुपया मिरचीवाल्याकडे गेला, डंखवाल्याकडे गेला, पाटीवाल्याकडे गेला. बाजार यानेच चालतो. अर्थशास्त्र म्हणून त्यात खोट नाही.

खोट दुसरीकडे आहे. रोजगार हमी आली तेव्हा पैशाची वाट आधी बांधली होती. लाडक्या बहिणीसाठी कोणावर कर लागला? कोणावरही नाही. कर्ज वाढले आणि दुसऱ्यांच्या ताटातले काढले. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचे मिळून साधारण पावणेसातशे ते साडेसातशे कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी केली. म्हणजे दलित विद्यार्थ्याच्या वसतिगृहाचा पैसा त्याच्याच आईच्या खात्यात टाकायचा आणि वर ओवाळणी म्हणायचे. दुसरे असे की हा हक्क नाही, भाऊरायाची मर्जी आहे. विधानसभेच्या निवडणुकीआधी हप्ते भराभर, आगाऊसुद्धा आले. एकवीसशेचे आश्वासन मिळाले. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली आणि लाखो नावे गळाली. गळालेल्यांत अपात्र होतेच. पण फुफूला काम नाकारले तर ती कायदा दाखवून भत्ता मागू शकत होती. भाभींचा हप्ता थांबला तर त्या कोणाकडे जाणार?

म्हणून माझे म्हणणे असे. मंदी असो, साथ असो, सरकारने खर्च करावाच. तूट झाली तर होऊ द्यावी. पण तो मजुरीच्या रूपाने, हक्काने मिळावा, आणि त्याच्यासाठी कर कोण भरणार हे त्याच दिवशी सांगावे. शहरी रोजगार हमी ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. केरळने २०१० पासून अय्यंकाळींच्या नावाने ती चालवली, राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केली. ज्या राज्याने देशाला रोजगार हमी दिली त्याच राज्याच्या राजधानीत ती नाही. मुंबईत काम नाही असे कोण म्हणेल? पावसाळ्याआधी नाले आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत, रुग्णालयांत हात कमी आहेत, चाळीचाळीत एकटे म्हातारे आहेत. बाई घरी ठेवून दीड हजार देण्यापेक्षा तिला घराजवळ अर्ध्या दिवसाचे काम आणि कायद्याची मजुरी द्या. ती जास्त कमावेल आणि कोणाची लाडकी असण्याची तिला गरज उरणार नाही. जिला काम झेपत नाही, आजारी आहे, म्हातारी आहे, तिला पेन्शन द्या, पण कायद्याने द्या.

पैसा? व्यवसाय कराची कमाल मर्यादा संविधानाच्या कलम २७६ मध्ये आहे. १९८८ मध्ये ती अडीचशेवरून वर्षाला अडीच हजार केली. तेव्हापासून तिथेच आहे. माझी भाची वर्षाला अडीच हजार भरते. तिच्या कंपनीचा सर्वात मोठा साहेब, ज्याचा पगार कोटींत आहे, तोही अडीच हजारच भरतो. शिवाय रोजगार हमीसाठी जमा झालेला पैसा अनेक वर्षे पूर्ण खर्चच होत नव्हता, ही जुनी तक्रार आहे. मर्यादा वाढवायला संसदेत घटनादुरुस्ती लागेल. ती मागणी आपल्या खासदारांकडे करायला हरकत काय? आणि या कराचा मुंबईचा हिशेब, किती जमा झाला, कामावर किती गेला, हा तर आमदाराला विधानसभेत विचारता येतो. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. त्याच्या आधी, फेब्रुवारीत, पगारातून तीनशे कापले जातात.

भाचीने मला विचारले आहे की हा हिशेब कोणाला मागायचा. आम्ही दोघे मिळून पत्र लिहायला बसणार आहोत.